निरोगी बाईची मोसंबी

साळूबाईची एकच अडचण होती. तिला कधी काही होत नसे.

आता याला अडचण कशी म्हणायची, असं एखादा विचारील. त्यानं अंबड तालुक्यात, बागवाल्या घरात, सून म्हणून आयुष्य काढून बघावं आणि मग बोलावं. त्या गावात जिकडे मान वळवाल तिकडे मोसंबी. पण मोसंबी विकायची असते आणि आजाऱ्याला द्यायची असते, खायची नसते, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. धडधाकट माणूस दिवसाढवळ्या मोसंबी सोलून खात बसलाय, असं कुणी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असतं तर आधी त्याच्या कपाळाला हात लावला असता.

घरातला कायदा साळूबाईच्या सासूनं, झुंबरबाईनं, घालून दिलेला. चांगलं फळ व्यापाऱ्याला, बरं फळ पाहुण्याला आणि दुखणाईताला, आणि गळ घरच्या बायकांना. गळ म्हणजे वेळेआधीच झाडाखाली पडलेली फळं. एका अंगानं हिरवी, दुसऱ्या अंगानं मऊ, आत चोथा आणि चवीला कोमट पाणी. साळूबाई लग्न होऊन आली ती या गळीवर. झुंबरबाई गेली, तिच्या तेराव्याला गाव जेवलं, पण कायदा काही गेला नाही.

आजारी पडणं हा एक रस्ता होता. घरात ज्याला जे दुखेल त्याला त्याचं फळ ठरलेलं होतं. ताप उतरल्यावर तोंडाला चव नसली की मोसंबी. पित्त खवळलं की कागदी लिंबू, मीठ लावून. पोटात गच्च झालं की परसातलं ईडलिंबू, त्याची फोड सैंधव घालून चोखायची. पोटुशीला मळमळायला लागलं की कुठून तरी महाळुंग पैदा करायचं, त्याच्या जाड सालीचा मुरंबा करायचा आणि तिनं तो सगळ्यांदेखत खायचा. संत्रं इकडचं नव्हे, ते पाहुण्याच्या पिशवीतून यायचं आणि पोरांच्या हातात जायचं. राहिली जंबेरी. ज्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात ती, काटेरी. तिचं फळ इतकं आंबट की त्यानं बायका तांब्याचे हंडे घासत. त्याला मात्र बायकांना कुणी अडवत नसे.

पुंजाराम, म्हणजे साळूबाईचा नवरा, एका वर्षी टायफॉइडनं पडला तेव्हा पंधरवडाभर मोसंबीवर होता. झुंबरबाई तर म्हातारपणी दर थंडीत पडायची. तिचं दुखणं नेमकं फळ रसावर आलं की सुरू व्हायचं, यावर साळूबाईनं कधी तोंड उघडलं नाही. स्वतः साळूबाईला ना ताप, ना पित्त. तिन्ही बाळंतपणं तिनं अशी उरकली की सुईणीला आपण कशाला आलो असं वाटावं. मळमळ नाही, डोहाळे नाहीत. "लै काटक हाय," म्हणून लोक कौतुक करायचे, आणि साळूबाई मनातल्या मनात म्हणायची की मेलं ते काटकपण.

एकोणनव्वदच्या थंडीत गावात नवी नर्सबाई आली. नाव सत्यशीला. जालन्याकडची, बोलायला फटकळ, पायात बूट. शाळेच्या ओट्यावर तिनं बायका जमवल्या आणि एकेकीचे डोळे, नखं, हिरड्या बघायला सुरुवात केली. साळूबाईची सून नंदा, तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं. नर्सबाईनं विचारलं, "मोसंबी खाती का न्हाई?"

नंदा म्हणाली, "मला कुठं काय झालंय."

सगळ्या बायका हसल्या. नर्सबाई हसली नाही.

"दारात बाग अन् हिरड्यांतून रक्त," ती म्हणाली. "हे फळ थंडीतच काऊन येतं? याच्यात क जीवनसत्त्व असतं. हिरड्या धरून राहतात, जखम जल्दी भरती, भाजीतलं लोह अंगी लागतं. सर्दी होणारच न्हाई असं मी म्हणत न्हाई, खोटं कशाला बोलू. मोसंबी असू द्या, संत्रं असू द्या, लिंबू असू द्या, सगळ्यांत थोडंफार तेच. लिंबू चुलीवरच्या भाजीत नका पिळू, ताटात पिळा. मोसंबीचा रस गाळून नका पिऊ, चोथ्यासकट खा. रोज एक खाल्ली तरी बास."

साळूबाईनं विचारलं, "आजारी पडल्यावर ना?"

"न्हाई मावशी. आजारी पडायच्या आधी."

"आधी म्हंजी? काहीच झालेलं नसताना?"

"काहीच झालेलं नसताना."

बायका उठल्या, पदर झटकले, घरी जाऊन कामाला लागल्या आणि विसरल्या. साळूबाई विसरली नाही. काहीच झालेलं नसताना खायचं, हे वाक्य तिच्या डोक्यात बसलं. भाकरी थापताना तेच, शेण काढताना तेच. एवढी वर्षं आपण आजाराची वाट बघितली आणि ती बघायची गरजच नव्हती, हे कळल्यावर तिला नर्सबाईचा रागच आला. बाई आधी का नाही आली?

तुम्ही म्हणाल, मग नवऱ्याला सांगायचं, खायची एक तोडून. तिथंच तर खरी मेख होती. बाग उक्ती दिलेली. दसऱ्यानंतर फळ हिरवं असतानाच जालन्याचा व्यापारी यायचा, बाग फिरून बघायचा आणि झाडावरच्या सगळ्या फळांचा एकठोक सौदा करायचा. त्या दिवसापासून तोड होईपर्यंत फळ व्यापाऱ्याचं. बागेत त्याचा रखवालदार बसायचा. झाडं तुमची, विहीर तुमची, पाणी तुम्ही द्यायचं, पण फळाला हात लावला तर तुम्ही चोर. गावात बाकीचे लोक रखवालदाराची नजर चुकवून चार-दोन तोडत आणि व्यापारी कानाडोळा करत. पुंजाराम तसला नव्हता. एकदा जबान दिली की संपलं. थोरल्या मुलाच्या सासऱ्यानं एकदा बागेतून हिंडताना बोलता बोलता एक मोसंबी तोडली. पुंजारामनं ती व्याह्याच्या हातातून काढून घेतली आणि रखवालदाराला नेऊन दिली. व्याही पुढं बरीच वर्षं फिरकला नाही. पुंजारामला त्याचं काही वाटलं नाही, उलट ही गोष्ट तो चारचौघांत सांगायचा. तालुक्यात बागा पुष्कळ होत्या, पण जालन्याचा तो व्यापारी, गफूरभाई बागवान, पुंजारामच्या बागेत रखवालदार नुसता नावाला ठेवायचा, आणि हाच पुंजारामचा मोठा मान होता.

विकत आणावी म्हटलं तर बागवाल्याच्या बायकोनं अंबडच्या स्टँडवर मोसंबी विकत घ्यायची, असं अजून घडलेलं नव्हतं.

तेव्हा साळूबाईनं चोरी केली.

म्हशीला गवत कापायला ती रोजच बागेत जायची. रखवालदार भुजंग पलीकडच्या बांधावर खोपटात बसून बिड्या ओढायचा. मार्गशीर्षातली सकाळ होती. विहिरीच्या अंगाला एका झाडावर फळ पिवळं पडायला लागलं होतं. साळूबाईनं विळ्यानं देठ कापला, फळ ओच्यात टाकलं आणि गवतात बसली. चोरी कधी केली नव्हती, आणि पहिली केली ती स्वतःच्या घरात. विळ्यानंच साल काढली, फोड तोंडात टाकली आणि मग ती जरा वेळ तशीच बसून राहिली. गळीसारखं त्यात काहीच नव्हतं. रस थंडगार होता, गोड होता, पण नुसता गोड नव्हता, मागून बारीक आंबटपणा येत होता. हनुवटीवरून ओघळ आला तो तिनं पदरानं पुसला नाही, बोटानं निपटून चाटला. तिला फार बरं वाटलं. आणि बरं वाटतंय हे कळल्यावर रागही आला, इतकी वर्षं गेली याचा.

दुसऱ्या दिवशी जाणार नाही असं तिनं ठरवलं होतं. पण नर्सबाई 'रोज एक' म्हणाली होती.

अडचण सालींची झाली. बागेत टाकाव्यात तर भुजंगला दिसतील. म्हणून साळूबाई साली ओच्यातून घरी आणायची. पहिल्या दिवशी तिनं त्या चुलीत घातल्या. सालीतलं तेल तडतडलं, घरभर वास सुटला आणि शेजारच्या रखमाजीनं भिंतीपलीकडून विचारलं, "काय पुंजाराम, कोन आजारी हाय रे?" तेव्हापासून साळूबाई साली ज्वारीच्या कणगीमागं दडवायला लागली. पुढं कधीतरी उकिरड्यात पुरू असं तिच्या मनात होतं. ते कधीतरी काही आलं नाही.

संक्रांतीच्या आधी नंदानं घर झाडायला काढलं. कणगी सरकवली. मागं सालींचा ढीग, वाळून कडक झालेला.

आता दुसऱ्या कुठल्या गावात असल्या साली सापडल्या असत्या तर लोक म्हणाले असते, म्हातारीनं गुपचूप मोसंब्या खाल्ल्या. नंदाच्या मनात हे आलंच नाही. कुणाच्याच आलं नसतं. कणगीला एरवी सासूशिवाय कुणाचा हात लागत नसे, तेव्हा साली बघून तिनं एकच ओळखलं. आत्याबाई आजारी आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत, कारण एवढ्या मोसंब्या लागतात ते दुखणं मोठंच असणार. आणि घरच्यांना घोर नको म्हणून बिचारी सगळं एकटीच सोसतेय.

तिनं नवऱ्याला, मच्छिंद्रला सांगितलं. मच्छिंद्रनं बापाला सांगितलं. पुंजाराम जेवत होता. त्यानं हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुतला. ओट्यावर जाऊन बसला.

"आत्याबाई, काय व्हतंय तुम्हाला?" नंदानं विचारलं.

"मला काय व्हायचंय? काही न्हाई."

झालं. काही नाही म्हणाली म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. साळूबाईला कणगी सरकवलेली दिसली तेव्हा सगळं लक्षात आलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. खरं सांगावं तर चोरी उघडी पडते, आणि चोरी नुसती तिची नाही, नवऱ्याची जबान त्यात जाते. कुंपणानंच शेत खाल्लं, असं गाव म्हणेल. ती गप्प बसली, आणि गप्प बसली म्हणून आणखीच आजारी ठरली.

पुंजारामनं तिला एस.टी.नं अंबडला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पोट दाबलं, जीभ बघितली, रक्त तपासलं. म्हणाले, काही सापडत नाही. तरी एवढ्या लांबून आलाच आहात तर म्हणून एक इंजेक्शन दिलं आणि टॉनिकची बाटली लिहून दिली. "फळं देत जा," ते म्हणाले. "मोसंबी वगैरे."

काही सापडत नाही, ही बातमी एस.टी.च्या आधी गावात पोचली. ज्या दुखण्याला नाव आहे त्यावर औषध तरी असतं. डॉक्टरलाच सापडत नाही म्हटल्यावर लोकांनी काय ते ओळखलं आणि भेटायला यायला सुरुवात झाली.

आधी रखमाजी आला. मग भावकी आली. जाफराबादहून तिची बहीण दुर्गाबाई जीपमध्ये कोंबून घेऊन आली, संत्री घेऊन, आणि दारातूनच रडत आली. मंठ्याला दिलेली लेक आली, ती कागदी लिंबं आणि जावयाच्या घरचं एक महाळुंग घेऊन. महाळुंग कशाला, हे तिलाही सांगता आलं नाही. काहीतरी असावं म्हणून आणलं होतं. बाकी सगळ्यांनी मोसंबी आणली. स्वतःच्या बागा उक्त्या दिलेल्या म्हणून सगळ्यांनी ती अंबडच्या स्टँडवरून विकत आणली होती. चांगली, निवडक, पिवळीधमक. खाटेखाली पोतं भरलं.

साळूबाईला जे जन्मभर हवं होतं ते असं एका आठवड्यात खाटेखाली येऊन पडलं. पण ते खायचं कसं? माणूस येणार, खुर्चीवर बसणार, फळ सोलून तिच्या हातावर फोड ठेवणार आणि ती चावेपर्यंत तोंडाकडे बघत बसणार. डोळ्यांत पाणी. ती चावायची. बघणारा मान हलवायचा, "तेवढीच जरा जाती पोटात," असं दुसऱ्याला हळूच सांगायचा. फळ तेच होतं, गोडी तीच होती, पण असं मयताकडे बघतात तसं कुणी बघत असताना गोडी लागते का हो? तिला चांगली भूक लागायची, दोन भाकऱ्या खाव्याशा वाटायच्या, पण आजारी माणसानं दोन भाकऱ्या कशा मागायच्या? नंदा तिला पेज द्यायची. त्या दिवसांत साळूबाई खरोखरच वाळली, आणि वाळली हे सगळ्यांना दिसलं.

एवढंही तिनं निभावून नेलं असतं. ओसरेल हळूहळू, असं ती मनाशी म्हणायची. तिला निभावलं नाही ते नवऱ्याचं.

पुंजाराम हा काही बायकोशी गोड बोलणारा माणूस नव्हता. तिला नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. 'आगं', 'ऐकलं का', 'कुठं गेली ही', एवढ्यावर त्याचा संसार झालेला. आता तो सकाळी उठून तिच्यासाठी पाणी तापवायला लागला. पाणी तापवता येत नव्हतं, धूर करायचा, पण तापवायचा. एक दिवस खाटेशी बसून त्यानं मोसंबी सोलायला घेतली. बाग करून केस पिकले, पण सोललेली कधी नव्हती. नखानं साल टोचून रस सगळा धोतरावर सांडला. मग त्या लगद्यातली एक फोड काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली आणि तोंड दुसरीकडं वळवलं.

त्याची चंची दिसत नव्हती. मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस तंबाखू खाणारा, चंचीशिवाय तो परसाकडंही गेला नसता. साळूबाईनं नंदाला विचारलं.

"सोडली त्यांनी," नंदा म्हणाली. "तुम्हाला बरं वाटावं म्हून देवाला सोडली. नर्सबाईला इचारत व्हते, किती दिवस ऱ्हाती ही आता. नर्सबाई म्हणली मी डॉक्टर न्हाई. मंग तिथंच बसून राह्यले."

साळूबाईचा जीव तुटला. इतक्या वर्षांत या माणसाला आपलं काही पडलेलं आहे की नाही, याचा तिला पत्ता नव्हता. तो लागला तो असा, खोट्यावर. आता त्याचं तोंड वाळलं होतं आणि तो घाबरला होता. रस्त्यावर कुणाशी नजर मिळवत नव्हता. जबान गेली तर गेली, याला असा बघवत नाही, असं तिनं ठरवलं.

दुपारी तो गोठ्यात वैरण टाकत होता. ती खाटेवरून उठून तिथं गेली. तिला चालत आलेली बघून तो पुढं धावला, धरायला.

"बसा," ती म्हणाली. "मला काही झालेलं न्हाई."

"बरं बरं. पड तू."

"ऐका. त्या साली माझ्याच हायत. मी बागेतून चोरून खाल्ल्या. रोज एक."

पुंजाराम उभाच राहिला. पेंढी हातात तशीच.

"आपल्या बागेतून?"

"विहिरीकडच्या झाडाच्या."

"बाग गफूरची हाय," तो म्हणाला. "दसऱ्यापासून गफूरची हाय."

"ठावं हाय मला."

"मंग दुखत काय व्हतं?"

"काही न्हाई."

"ताप?"

"न्हाई. खावी वाटली म्हून खाल्ली."

हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्यानं पेंढी गव्हाणीत टाकली, म्हशीनं तोंड घातलं. खावी वाटली, असं तो एकदा स्वतःशीच पुटपुटला.

"कवापासून वाटत व्हती?"

"लगीन होऊन आले तवापासून," साळूबाई म्हणाली.

पुंजाराम तिच्याकडे बघत राहिला. मग घरात गेला, खाटेखालचं पोतं ओढून काढलं, खांद्यावर मारलं आणि बागेकडे निघाला. त्या दिवशी गफूरभाईची तोड चालू होती. मजूर क्रेट भरत होते, बांधावर टेम्पो उभा होता. भुजंग होता, रखमाजी सहज म्हणून आलेला होता. पुंजारामनं पोतं गफूरभाईच्या पायाशी उतरवलं.

"आमच्या घरातून तुमचं फळ तोडलं गेलं. हे घ्या. कमी पडलं तर आनखी आणतो."

गफूरभाईनं पोत्यात बघितलं. आत मोसंबी होती, संत्री होती आणि वर एक महाळुंग होतं. त्यानं भुजंगकडे बघितलं, भुजंगनं आकाशाकडे.

"अरे पुंजारामभाऊ, घरचं मानूस खाल्लं तर काय झालं. मी कधी काय म्हणलो का? वापस न्या."

"जबान दिल्ती मी."

"भाभी बीमार हाय म्हणतेत लोक."

"बीमार न्हाई," पुंजाराम म्हणाला. "चोरून खात व्हती."

हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं आणि परत फिरला. गफूरभाईनं शेवटी पोतं टेम्पोत टाकलं, कारण पुंजाराम वळून बघत होता.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ज्यांनी मोसंब्या विकत आणून दिल्या होत्या ते चिडले. जाफराबादची बहीण रडणं वाया गेलं म्हणून रुसली. बायका पाणवठ्यावर विचारायच्या, "साळूबाई, आज कसं काय, ताप-बिप?" आणि पदर तोंडाला लावायच्या. पुंजाराम बायकोशी बोलत नव्हता. पण तिसऱ्या दिवशी त्यानं चंची काढली, तळहातावर तंबाखू मळली आणि गालात धरली. साळूबाईनं चुलीपाशी बसून ते बघितलं आणि पोटभर दोन भाकऱ्या खाल्ल्या.

बाकी काही बदललं नाही. उन्हाळा गेला, पाऊस झाला, झाडं पुन्हा फुलली, फळ धरलं. गळ पडली ती साळूबाईनं वेचली. चोरीचं नाव तिनं पुन्हा घेतलं नाही. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, नवरा तेव्हापासून दोन शब्दांच्या वर बोललेला नव्हता. आपण खरं सांगितलं ही चूक झाली का, हे ती वर्षभर स्वतःला विचारत राहिली. आजारी होते तवा हा मानूस माझा व्हता, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

दसरा झाला. गफूरभाई आला. बाग फिरून झाली, ओट्यावर घोंगडी अंथरली, रखमाजी आणि भावकीतले दोघंतिघं साक्षीला बसले. नंदानं चहा नेऊन दिला. साळूबाई आत चुलीपाशी होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बोलणं झालं, भाव ठरला, गफूरभाईनं हात पुढं केला.

पुंजारामनं हात दिला नाही.

"एक झाड सोडून," तो म्हणाला. "विहिरीकडचं."

"देवाला सोडलं का?" गफूरभाईनं विचारलं.

"न्हाई."

"कोनी बीमार हाय का घरात?"

"कोनी बीमार न्हाई."

"मंग?"

पुंजारामनं तंबाखू थुंकली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"साळूला खायला," तो म्हणाला.

रखमाजी घोंगडीचे दोरे ओढायला लागला. चार माणसांत बायकोचं नाव घ्यायचं, तेही तिला फळ खायचंय म्हणून, हे त्या ओट्यानं ऐकलेलं नव्हतं. मग गफूरभाई म्हणाला, "बराबर हाय," आणि दोघांनी हात मिळवला.

आत तव्यावरची भाकरी करपली. नंदा धावत आली. बघते तर साळूबाई चुलीसमोर बसलेली, डोळ्यांतून धारा लागलेल्या, पुसायचंसुद्धा भान नाही.

"आत्याबाई," नंदा घाबरून म्हणाली, "काय दुखतंय?"